फोटोतल्या 'मोठ्या डासा'चं नाव काय?

रात्री दिव्याजवळच्या भिंतीवर एक भलामोठा डास बसलेला दिसतो. अंग काडीएवढं आणि पाय मात्र हातभर वाटावेत असे. आधी दचकायला होतं, मग मोबाइल बाहेर निघतो आणि फोटो कुणा जाणकाराकडे रवाना होतो: 'हा कोणता डास? चावतो का?' उत्तर येतं: 'डास नाही, क्रेन फ्लाय आहे. चावत नाही. टिप्युला प्रजातीतली मादी असावी. यापुढे या फोटोवरून सांगता येणार नाही.'

'चावत नाही' वाचून जीव भांड्यात पडतो, पण शेवटच्या वाक्याने विरस होतो. फोटो स्वच्छ आहे, किडा अख्खा दिसतोय. पक्ष्याचं किंवा फुलपाखराचं नाव अशा फोटोवरून लोक चुटकीसरशी सांगतात, मग घोडं इथेच का अडतं? उत्तर देणाऱ्याने टाळाटाळ केली अशी शंका येते. माझ्या मते या किड्याच्या बाबतीत 'इथपर्यंतच' हे पुष्कळदा सर्वांत प्रामाणिक उत्तर असतं. ती हद्द थोडी पुढे सरकवणं मात्र फोटो काढणाऱ्याच्या हातात असतं.

डास नाही, हे कशावरून?

क्रेन फ्लाय आणि डास हे दोघंही माश्यांच्या गणातले, म्हणजे उडायला दोनच पंख असलेले कीटक. मागच्या पंखांच्या जागी त्यांना टोकाला गाठ असलेल्या दोन छोट्या दांड्या असतात. त्यांना संतोलक म्हणतात. उडताना त्या वेगाने थरथरतात आणि शरीर कुठे कललं याची खबर देतात. इतर माश्यांमध्ये त्या शोधाव्या लागतात. क्रेन फ्लायमध्ये त्या पंखांच्या मागे टाचणीसारख्या उघड दिसतात.

डासाला रक्त शोषायची सरळ, लांब सुई असते आणि त्याच्या पंखांच्या शिरांवर बारीक खवले असतात. क्रेन फ्लायकडे यातलं काही नाही. त्याचं तोंड पुढे थोडं निमुळतं असतं इतकंच. मोठेपणी बहुतेक जाती फार काही खातच नाहीत, काही मध चाखतात. ते डास मारून खातात ही समजूत इंग्रजी बोलणाऱ्या मुलखांत पक्की रुजलेली आहे, पण ती निखालस चूक आहे. मादीच्या पोटाचं टोकदार शेपूट म्हणजे नांगी, ही दुसरी चूक. ते मातीत अंडी खुपसायचं अवजार आहे.

हा घोटाळा बातम्यांमध्येही होतो. चीनमधल्या चेंगदू भागात मिळालेल्या, पंखांचा विस्तार ११.१५ सेंटिमीटर असलेल्या एका किड्याचे फोटो २०१८ मध्ये 'जगातला सर्वांत मोठा डास' म्हणून जगभर फिरले. तो होलोरुसिया मिकाडो होता, म्हणजे क्रेन फ्लायच.

डासापेक्षा फसवे असे दोन तोतये आणखी आहेत. हिवाळी चिलटं म्हणून ओळखला जाणारा एक गट हुबेहूब लहान क्रेन फ्लायसारखा दिसतो, पण त्याच्या डोक्यावर तीन बारीक साधे डोळे असतात. क्रेन फ्लायला ते नसतात. दुसरा तोतया पुढच्या पायांनी गवताला लोंबकळणारा शिकारी कीटक. त्याचे पंख मोजले की चार भरतात. तेवढ्यावर निकाल लागतो.

नाव म्हणजे पत्ता

इथे दोन शब्दांचा गुंता सोडवून घेऊ. मराठी जीवशास्त्रात प्रजाती हा मोठा गट आणि जाती हा त्यातला नेमका प्रकार. वर्तमानपत्रं हे दोन्ही शब्द सर्रास उलटसुलट वापरतात. टिप्युला पालुडोसा या नावात टिप्युला ही प्रजाती, आडनावासारखी. पालुडोसा ही जाती, घरातल्या एका माणसाच्या नावासारखी. प्रजातींच्या वर कुल असतं. पत्त्यात आधी शहर, मग गल्ली, मग घर सापडतं, तसंच हे कुल, प्रजाती, जाती. गल्ली सापडली आणि घर सापडलं नाही, तरी पत्ता खोटा ठरत नाही. तो अपुरा असतो, बस्स.

या शहराचा पसारा मात्र अफाट आहे. जगात क्रेन फ्लायच्या पंधरा हजारांहून जास्त जाती नोंदवलेल्या आहेत, म्हणजे सगळ्या पक्ष्यांपेक्षाही जास्त. एकट्या टिप्युला या आडनावाखाली दोन हजारांवर जाती आहेत. 'टिप्युला आहे' हे उत्तर म्हणजे मोठ्या गावात एका आडनावाची दोन हजार माणसं असताना फक्त ते आडनाव कळण्यासारखं आहे.

यातल्या बहुसंख्य जातींची वर्णनं एकाच माणसाने लिहिली आहेत. चार्ल्स पॉल अलेक्झांडर (१८८९–१९८१) या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने आयुष्यभरात अकरा हजारांच्या आसपास क्रेन फ्लाय जातींना नावं दिली. सत्तर वर्षांचं काम धरलं तरी आठवड्याला तीन नव्या जाती पडतात. हे वाचल्यावर मला प्रत्येक वेळी त्याच्या टेबलाची दया येते. त्याचा उल्लेख करण्याचं कारण पुढे येईलच. त्याने ही वर्णनं कशाच्या आधारावर लिहिली, त्यावर आज तुमच्या फोटोचं भवितव्य ठरतं.

जाणकार फोटोत काय शोधतात?

पहिली नजर जाते पाठीवर, पंखांच्या मुळाशी. क्रेन फ्लायच्या छातीवर वरच्या बाजूने इंग्रजी व्ही अक्षरासारखी एक खाच असते. ती दिसली की कीटक बहुधा क्रेन फ्लायच.

दुसरी नजर पंखांवर. सगळ्यात जास्त माहिती इथेच साठलेली असते. पंखाचा पडदा शिरांनी ताणून धरलेला असतो आणि या शिरांची रचना म्हणजे त्या गटाचा रस्त्यांचा नकाशाच. कुठली शीर कुठे फुटते, दोन शिरांना जोडणारी आडवी शीर फाट्याच्या आधी येते की नंतर, मधोमध चारी बाजूंनी बंद असा छोटा कप्पा आहे की तो एका बाजूने उघडा आहे, यावरून प्रजातीपर्यंत मजल मारता येते. पंखाच्या मागच्या कडेकडे जाणाऱ्या शेवटच्या दोन शिरा क्रेन फ्लायमध्ये थेट कडेपर्यंत पोचतात. वर सांगितलेल्या हिवाळी चिलटांमध्ये शेवटची शीर आखूड असते आणि आत वळते. पंख अंगावर मिटलेला असेल किंवा फ्लॅशच्या उजेडात चकाकत असेल, तर हा नकाशा वाचता येत नाही. 'फोटो स्वच्छ आहे' आणि 'फोटोत शिरा दिसतात' यांत बरंच अंतर आहे.

मग चेहरा. क्रेन फ्लायची साधारण चार कुलं मानतात. जुन्या पुस्तकांत ती सगळी एकाच कुलात घातलेली सापडतील, त्याने गोंधळून जाऊ नका. मोठ्या, धिप्पाड जातींचं टिप्युलिडी कुल ओळखायची खूण तोंडाजवळ असते. तिथे चाचपायला दोन छोटे स्पर्शक असतात. टिप्युलिडीत त्यांचं शेवटचं पेर चाबकासारखं लांब असतं, इतर कुलांत ते आखूड असतं. मिशांची पेरंही मोजतात: टिप्युलिडीत बहुतेक तेरा, तर लिमोनिइडी या सर्वांत मोठ्या कुलात बहुधा चौदा किंवा सोळा. पेडिसिइडी हे छोटं कुल तर डोळ्यांवरच्या बारीक केसांवरून ओळखतात. आता भिंतीवरच्या किड्याच्या डोळ्यांवरचे केस मोबाइलच्या फोटोत कसे दिसणार? दिसत नाहीत.

बसायच्या ढबीचाही थोडा उपयोग होतो. लिमोनिइडीतले पुष्कळ जण पंख पाठीवर एकावर एक मिटून बसतात, टिप्युला बऱ्याचदा ते पसरून बसतो. पण ही सवय झाली, नियम नव्हे. हिच्यावर शिक्कामोर्तब करू नये.

रंग तर वेगळा दिसतो ना?

दिसतो, आणि फसगत नेमकी तिथेच होते. काही क्रेन फ्लाय खरोखर रंगावरून कळतात. नेफ्रोटोमा प्रजातीतल्या बऱ्याच जाती पिवळ्या अंगावर काळे चकचकीत पट्टे मिरवतात आणि त्यांना 'वाघ' म्हणतात ते उगाच नाही. त्यांच्यात छातीवरच्या पट्ट्यांचा आकार, टोकाची वळणं, डोक्यामागच्या डागाची रेषा अशा खुणा कामाला येतात. युरोपातल्या टिप्युला मॅक्सिमाचे नकाशासारखे तपकिरी ठिपके असलेले मोठे पंखही सहसा चुकत नाहीत.

बाकीचा जमाव मात्र राखाडी, तपकिरी, मळकट पिवळा. कोषातून नुकताच बाहेर पडलेला किडा फिकट असतो, काही तासांनी गडद होतो. पिवळ्या दिव्याखाली राखाडी अंग तपकिरी दिसतं. एकाच जातीत नर-मादीच्या छटा वेगळ्या असू शकतात. ओल्या कपड्याच्या रंगावरून कोरड्या कपड्याचा रंग सांगण्यातला हा प्रकार आहे.

आकाराचंही तसंच. फोटोत माप नसेल तर एक सेंटिमीटरचा किडा आणि चार सेंटिमीटरचा किडा एकसारखेच दिसतात. 'खूप मोठा होता' हे माप नव्हे. जाणकारांना पायांसकटची लांबी नको असते, पंखाची लांबी हवी असते.

कुलूप आणि किल्ली

आता मूळ अडचणीकडे येऊ. क्रेन फ्लायच्या शेकडो जाती बाहेरून सारख्या दिसतात आणि नराच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या जननावयवांतच वेगळ्या असतात. तिथे चिमट्यासारखे, आकड्यासारखे, दातेरी असे बारीक भाग असतात आणि प्रत्येक जातीत त्यांचा घाट निराळा. दोन किल्ल्यांच्या मुठी सारख्या असाव्यात आणि दाते वेगळे, तसं. अलेक्झांडरने आपल्या हजारो वर्णनांत पंखांच्या शिरांइतकाच भर या दात्यांवर दिला. आज नाव ठरवायचं तर त्याच वर्णनांशी ताडून बघावं लागतं, आणि भिंतीवरच्या किड्याच्या फोटोत नेमकी मूठ तेवढी येते.

मादीची पंचाईत याहून मोठी. तिच्यात अशा खुणा कमी असतात आणि कित्येक जातींच्या माद्यांची नीट वर्णनंच नाहीत. म्हणून सुरुवातीच्या उत्तरात 'मादी असावी' हे शब्द निव्वळ माहिती म्हणून आलेले नव्हते. गाडी इथे का थांबली, याचं कारणच त्यात होतं. नर की मादी हे तुम्हालाही ओळखता येईल: टोक निमुळतं, सुईसारखं असेल तर मादी. बोथट, फुगीर, कधी वर वळलेलं असेल तर नर.

एक जोडी उदाहरणादाखल घेऊ. युरोपातल्या बागांमध्ये टिप्युला ओलेरेसिया आणि टिप्युला पालुडोसा या दोन जाती सर्रास सापडतात. पहिलीला स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलं, दुसरीला जर्मन कीटकशास्त्रज्ञ मायगेनने १८३० मध्ये. दोन्ही राखाडी-तपकिरी, दोन्हींच्या पंखाच्या पुढच्या कडेला गडद पट्टी. वरून काढलेल्या फोटोत त्या ओळखू येणं मुश्कील. पण मादी बाजूने दिसली तर पंख आणि पोट यांची लांबी ताडता येते: पालुडोसाच्या मादीचे पंख पोटापेक्षा आखूड असतात, ओलेरेसियाचे पोटाइतके किंवा जास्त लांब. आणि डोकं खालून दिसलं तर ओलेरेसियाचे दोन डोळे हनुवटीखाली जवळजवळ भिडलेले असतात, पालुडोसाच्या डोळ्यांत रुंद अंतर असतं. किड्याच्या हनुवटीचा फोटो काढायचं सहसा कुणाच्या मनात येत नाही. ज्याच्या आलं, त्याला जातीचं नाव मिळतं.

मग फोटो काढायचा कसा?

पहिला फोटो लांबूनच काढा, कारण जवळ जाताच तो उडू शकतो. मग ठरवून चार कोन घ्या: बरोबर वरून, बाजूने, समोरून चेहरा, आणि शेवटी पोटाच्या टोकाचा जवळून. वरचा फोटो घेताना मोबाइल पंखाच्या पातळीला समांतर धरा. तिरपा धरला की अर्धा पंख धूसर होतो. अगदी चिकटून फोटो काढायचा मोह टाळा. जवळ गेल्यावर जेमतेम केसाएवढी जाडी स्पष्ट येते, बाकी सगळं पुसट. थोडं मागे सरकून काढलेला आणि नंतर कापून मोठा केलेला फोटो जास्त सांगतो.

फ्लॅश समोरून न मारता उजेड मागून किंवा बाजूने आला तर पंखाच्या शिरा उठून दिसतात. किडा पारदर्शक डबीत अलगद घेतला तर काम सोपं होतं: डबीखालून हनुवटी दिसते, बाहेर मोजपट्टी ठेवता येते, उजेडासमोर धरता येतं. डबी काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की तो सुस्तावतो आणि गरम झाल्यावर पुन्हा उडून जातो. पाय मात्र धरू नका. पाल शेपूट टाकते तसा क्रेन फ्लाय पाय टाकून निसटतो, आणि तो पाय पुन्हा उगवत नाही.

फोटोसोबत तारीख आणि ठिकाण लिहा. जवळ ओढा, दलदल, कुजलेलं लाकूड किंवा गवताचं मैदान होतं का, हेही लिहा. अळ्या कुठे वाढतात हे जातीगणिक बदलतं, म्हणून यातून अर्ध्या शक्यता गळून पडतात. जागेच्या यादीवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. 'या भागात फक्त दहा जाती नोंदलेल्या आहेत' याचा अर्थ कधी कधी एवढाच असतो की अकरावी शोधायला तिथे कुणी फिरकलंच नाही.

ॲप तर एका सेकंदात नाव सांगतं

सांगतं, आणि कुलापर्यंत ते बऱ्याचदा बरोबर असतं. पण ॲपने शिकलेलं असतं ते लोकांनी नावं लावलेल्या फोटोंवरून. ज्या जातींचे फोटो भरपूर, त्या त्याला ठाऊक. ज्यांचा एकही नाही, त्या त्याच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. बरोबर पर्याय छापायचाच राहिलेला वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवण्यासारखं आहे हे. उत्तर काही ना काही निवडावंच लागतं आणि निवडलेलं छातीठोकपणे सांगितलं जातं.

यात एक दुष्टचक्रही आहे. ॲपने सुचवलेलं नाव फोटो काढणारा स्वीकारतो, दुसरा कुणी 'दिसतंय तसंच' म्हणून दुजोरा देतो आणि तो फोटो पुढच्या शिकवणीत जातो. चूक आता पुराव्याच्या वेषात फिरते. म्हणून ॲपचं उत्तर आलं की त्याला एकच प्रश्न विचारावा: हे नाव देण्यासाठी लागणारी खूण या फोटोत दिसते का? पालुडोसा म्हणताय, तर पंखाचं टोक आणि पोटाचं टोक दोन्ही दिसतायत का? नसतील तर एक पायरी खाली उतरून 'टिप्युला' एवढंच लिहिलेलं बरं.

डीएनए तपासलं की झालं?

काही अंशी. २००३ मध्ये कॅनडातले जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी कल्पना मांडली की एका ठरावीक जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून प्राण्यांच्या जाती ओळखता येतील, दुकानातल्या मालावरच्या बारकोडसारख्या. पद्धत चालते, आणि मादीला तिच्या जातीच्या नराशी जोडायला किंवा अळीची ओळख पटवायला ती मोलाची आहे. पण बारकोड वाचला तरी तो कुठल्या वस्तूचा हे सांगणारी यादी लागते. ती यादी भरायला आधी कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली नराचं टोक बघून नाव पक्कं केलेलं असावं लागतं. फिरून गाडी तिथेच येते. शिवाय फोटोतून डीएनए निघत नाही, त्यासाठी किडा किंवा निदान त्याचा एखादा पाय हवा. पाय टाकायची त्याची खोड इथे कामी येते!

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?

क्रिकेटपासून सुरुवात करू. १९३५ मध्ये लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर क्रेन फ्लायच्या अळ्यांनी गवताची मुळं फस्त केली. मैदानावर टक्कल पडलं, कर्मचाऱ्यांनी हजारो अळ्या वेचून जाळल्या आणि खेळपट्टी हंगामभर भलतीच फिरत राहिली. त्याच वर्षी तिथे दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय मिळवला. त्यांच्या लेगस्पिनर बलास्कासने सामन्यात नऊ बळी घेतले. सगळं श्रेय अळ्यांना देणं अन्यायाचं होईल, पण त्यांनी हातभार लावला असणार.

पालुडोसा आणि ओलेरेसिया या दोन्ही जाती पुढे उत्तर अमेरिकेत पोचल्या आणि तिथल्या हिरवळींना त्रास देऊ लागल्या. तिथल्या मूळच्या बहुसंख्य जाती मात्र निरुपद्रवी. त्या कुजका पाला खातात आणि जमिनीत परत मिसळवतात. भिंतीवर क्रेन फ्लाय दिसला म्हणून अंगणात औषध फवारणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. त्यातही पालुडोसाची वर्षाला एकच पिढी होते, उन्हाळ्याच्या अखेरीस उडणारी. ओलेरेसियाच्या दोन होतात, वसंतात आणि शरदात. म्हणून दोघींच्या बंदोबस्ताची वेळ नेहमी एकच नसते.

उलट काही ठिकाणी त्या असाव्यात अशीच इच्छा असते. ब्रिटनच्या डोंगराळ दलदलींत सोनेरी टिटवीसारख्या पक्ष्याची पिल्लं वसंतात एकदम बाहेर पडणाऱ्या क्रेन फ्लायवर पोसली जातात. ऑगस्ट कडक तापला की वरची माती सुकते आणि कोवळ्या अळ्या मरतात. पुढच्या वसंतात पिल्लांची उपासमार होते. हा दुवा सापडला, कारण कुणीतरी क्रेन फ्लाय मोजत होतं.

आणि अलेक्झांडरच्या त्या अकरा हजारांपैकी कित्येक जाती आजही एक-दोन नमुन्यांपुरत्याच माहीत आहेत, संग्रहालयाच्या पेटीत टाचणीवर. त्यांतला एखादा जिवंत असताना कुणाच्या भिंतीवर येऊन बसला, तर त्याला ताडून बघायला दुसरा फोटो नसेल. असेल ते फक्त जुनं वर्णन, पंखाच्या शिरांचं आणि नराच्या टोकाचं. तेव्हा बाकी काही जमलं नाही तरी चालेल, टोकाचा एक फोटो तेवढा बाजूने घेऊन ठेवा.